दुसऱ्या अर्ध्यातला

कुत्र्यांच्या कॅन्सरच्या दवाखान्यात बसलेली माणसं एकमेकांना आजाराचं नाव सगळ्यात शेवटी विचारतात. आधी कुत्र्याचं नाव, मग वय, मग "खातोय का?" खातोय म्हटलं की विचारणाऱ्याचाही जीव भांड्यात पडतो. गाठ कुठे आहे, केवढी आहे, औषध कोणतं चालू आहे, हे मागाहून निघतं. एरवी एकमेकांकडे बघून नुसती मान हलवणारी ही माणसं दहा मिनिटांत अशा गोष्टी बोलायला लागतात, ज्या त्यांनी सख्ख्या भावालाही सांगितलेल्या नसतात. रात्री किती वेळा उठावं लागलं, शी कशी झाली, गोळी कशात लपवून दिली, पैशांची सोय कुठून केली.

या बोलण्याविषयी मला लिहायचं आहे, कारण बरेच महिने मी त्याच्याच आधारावर काढले. आणि त्या बोलण्यात एक मोठी फट असते, तिच्याविषयीही लिहायचं आहे.

आम्ही कोलोरॅडोत राहतो. बंड्या रॉटवायलर आणि आणखी कशाकशाचा संकर होता, प्राण्यांच्या निवाऱ्यातून आणलेला, चाळीस किलोंचा. तूप-भात, पोळीचा कडक काठ आणि काकडी यांच्यासाठी तो काहीही करायला तयार असे. पुढच्या उजव्या पायाने लंगडायला लागला, मनगटाच्या वर सूज आली आणि एक्स-रे काढला तर तेवढं हाड वाळवीने खाल्लेल्या चौकटीसारखं दिसलं. ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कॅन्सर. मोठ्या हाडापेराच्या कुत्र्यांना तो जास्त गाठतो: रॉटवायलर, ग्रेट डेन, ग्रेहाउंड, सेंट बर्नार्ड. पायावर दिसेपर्यंत दहातल्या नऊ कुत्र्यांत त्याचं बी फुप्फुसांत जाऊन पडलेलं असतं, एक्स-रेत दिसणार नाही इतकं बारीक. म्हणून पाय काढतात तो मुख्यतः दुखणं थांबवायला, आणि त्या बीसाठी नंतर केमो देतात. दोन्ही केलं तर साधारण निम्मी कुत्री दहा-बारा महिने काढतात. नुसता पाय काढला तर चार-पाच.

पाय काढायचा म्हटल्यावर घरात रडारड झाली. बंड्या मात्र ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी तीन पायांवर अंगणात गेला, कुंपणापाशी उभा राहिला आणि शेजारच्या मांजरावर भुंकला. हाडातली ती रात्रंदिवसाची कळ गेली होती आणि त्याला तेवढंच कळत होतं. कुत्रा गेलेल्या पायाचा शोक करत बसत नाही. हे दवाखान्यातल्या एका बाईंनी मला आधीच सांगितलं होतं, आणि त्यांनी सांगितलं नसतं तर मी सहीला आणखी आठवडा लावला असता.

पुढे केमो झाली. काही महिने बरे गेले. मग छातीच्या एक्स-रेत पांढरे ठिपके दिसले. इथून पुढे ठरलेले उपचार जवळपास संपतात आणि चाचणीतले सुरू होतात.

कुत्र्यांवर असे उपचार का करून बघतात, हा प्रश्न मला भारतातल्या बहुतेक सगळ्यांनी विचारला, आणि त्यात एक शंका असायची की आपल्या मुक्या जनावराला प्रयोगशाळेतला उंदीर केलं की काय. खरी गोष्ट वेगळी आहे. हा हाडाचा कॅन्सर अमेरिकेत वर्षाला जेमतेम हजारभर माणसांना होतो आणि त्यांतली जवळजवळ निम्मी शाळा-कॉलेजातली मुलं असतात. कुत्र्यांत तोच आजार वर्षाला दहा हजारांच्या वर होतो. पेशी तशाच, फुप्फुसांकडे धावणंही तसंच, फक्त सगळं भराभर घडतं. मुलांवर ज्या प्रश्नाचं उत्तर मिळायला दहा वर्षं लागतील ते घरच्या कुत्र्यांमध्ये दोन-तीन वर्षांत कळू शकतं. ही कुत्री पिंजऱ्यात नसतात. दिवसा दवाखान्यात येतात आणि रात्री आपल्या गादीवर झोपतात. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात स्टीफन विद्रो या शल्यविशारदांनी पाय न कापता फक्त सडलेलं हाड काढून पाय वाचवायची शस्त्रक्रिया कुत्र्यांवर घडवत नेली, आणि ती शिकवण मुलांच्या शस्त्रक्रियेत उतरली. विस्कॉन्सिनमध्ये ऐंशीच्या दशकात मिफाम्युरटाइड नावाचं औषध पाय काढलेल्या कुत्र्यांना देऊन पाहिलं, ती कुत्री जास्त जगली, आणि २००९ मध्ये युरोपात ते मुलांसाठी मंजूर झालं. त्या कुत्र्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. त्यांचे मालक मात्र माझ्यासारखेच कुठल्या तरी बाकावर बसून कोणाला तरी "खातोय का?" विचारत असतील.

बंड्यासाठी दोन औषधांची जोडी सुचवली गेली. एक टोसेरानिब. अमेरिकेत खास कुत्र्यांच्या कॅन्सरसाठी मंजूर झालेलं हे पहिलं औषध, २००९ चं, पण ते त्वचेतल्या एका वेगळ्या गाठीसाठी. दुसरं लोसार्टान. हे नाव मी व्हिडिओ कॉलवर आईला वाचून दाखवलं तर ती उठून आत गेली आणि गोळ्यांची पट्टी घेऊन आली. "अगं, ही तर माझी गोळी! बीपीची!" खरंच तीच होती. परळच्या घरात रोज सकाळी चहानंतर आई जी घेते तीच, फक्त बंड्याचा डोस तिच्या कितीतरी पट. रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या पेशी गाठीकडे ओढल्या जातात आणि फुप्फुसात तिचं बस्तान बसवायला मदत करतात. मोठ्या डोसात लोसार्टान त्यांची ही वाट अडवतं. डॅनियल रेगन, स्टीव्हन डाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही जोडी फुप्फुसात आजार पसरलेल्या २८ कुत्र्यांना दिली आणि २०२२ मध्ये निष्कर्ष छापले. निम्म्या कुत्र्यांच्या गाठी आकसल्या किंवा काही काळ वाढायच्या थांबल्या. ज्या अवस्थेत पूर्वी हातात काहीच नसायचं, तिथे हे फार मोठं होतं. लोसार्टान आणि टोसेरानिबचा माणसांतला भाऊ सुनिटिनिब, अशी जोडी मग आजारी मुला-तरुणांमध्येही तपासायला घेतली गेली.

आईने त्या दिवसापासून एक नवीन नेम धरला. आपली गोळी घेताना ती बंड्याचं नाव घ्यायची.

संमतीच्या कागदावर दोन वाक्यं मी पुन्हा पुन्हा वाचली. एक, या उपचाराने तुमच्या कुत्र्याला फायदा होईलच असं नाही. दुसरं, तुम्ही कधीही थांबू शकता. सही माझी होती आणि अंग त्याचं. ही गोष्ट मला शेवटपर्यंत बोचत राहिली, आणि बोचत राहायलाच हवी असं मला वाटतं. ज्याच्यावर उपचार होणार त्याला आपण विचारू शकत नाही, तेव्हा त्याच्याकडे बघत राहणं, रोज, नीट, एवढंच प्रामाणिकपणाचं काम उरतं. त्यासाठी एक वही दिली होती. किती खाल्लं, उलटी झाली का, शी घट्ट की पातळ, फिरायला स्वतःहून निघाला का. शीसाठी चक्क चित्रांचा तक्ता होता, एक ते सात अंकांचा. टोसेरानिबची गोळी मोडायची नाही, हातमोजे घालून द्यायची. सोमवार, बुधवार, शुक्रवार. मी ती चीजच्या गोळ्यात दडवायचे आणि बंड्या चीज खाऊन गोळी तेवढी अलगद जमिनीवर ठेवायचा. तुपात मळलेल्या भाताच्या मुटक्यात ती गेली.

दर खेपेला बीपी बघायचे. पंजाच्या मागच्या बाजूला रुपयाएवढे केस भादरलेले असायचे, तिथे थंड जेल लावून पेन्सिलीच्या टोकाएवढं यंत्र टेकवायचे, आणि खोलीभर त्याच्या रक्ताचा आवाज यायचा. शूऽऽ, शूऽऽ, शूऽऽ. पट्टा आवळला की आवाज थांबायचा आणि सैल केला की परत सुरू व्हायचा. बंड्या त्या आवाजाकडे कान टवकारून बघायचा. नर्स त्याचा उरलेला पंजा हातात धरून त्याच्याशी हळू बोलत राहायची. दवाखान्यातल्या इतक्या गोष्टींपैकी ही मला सगळ्यात जवळून आठवते.

आणि बाहेरचा तो बाक. एक गुरं पाळणारे गृहस्थ दूरच्या रँचवरून यायचे, त्यांचा पांढराशुभ्र, मेंढीएवढा कुत्रा, मूस. एक निवृत्त शिक्षिका आणि त्यांची ग्रेहाउंड. एक तरुण जोडपं, ज्यांचा कुत्रा त्यांच्या लग्नाच्या फोटोत होता. कोणी तीन पायांचे, कोणाची कूस भादरलेली. कनेक्टिकटमध्ये येल विद्यापीठात तयार होत असलेल्या लशीची चर्चा व्हायची, ती कुठे मिळते, किती टोचायची. टर्की टेल नावाच्या अळंबीच्या कॅप्सूल तर निम्म्यांच्या पिशवीत असायच्या. त्या बाकावर मी खूप शिकले. औषधाने तोंडाची चव गेली तर अन्न किंचित कोमट करून द्यायचं. जुलाबाला उकडलेला भोपळा. एक्स-रेच्या आदल्या रात्री झोप लागत नाही, सगळ्यांनाच लागत नाही.

हे बोलणं मला नवीन नव्हतं. मी परळची. टाटा मेमोरियलसमोरच्या फुटपाथवरून शाळेत जायचे. गावोगावहून आलेली माणसं तिथे पथारी टाकून असायची. पिशव्या, स्टोव्ह, फायलींचे गठ्ठे, दोरीवर वाळत घातलेले टॉवेल. बिहारची बाई आणि बीडची बाई एकमेकींशी मोडक्यातोडक्या हिंदीत बोलायच्या आणि विचारायचं एकच, जेवण जातं का. तिथून थोडं चाललं की बाई साकरबाई रुग्णालय, ज्याला आमच्याकडे सगळे बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. तिथल्या फाटकात हातगाडीवरून आणलेला बैल, टोपलीतली मांजर, चादरीत गुंडाळलेला रस्त्यावरचा कुत्रा. त्या कुत्र्यांतल्या कितीतरींना एक विचित्र कॅन्सर असतो, जो मिलनातून एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जातो. कॅन्सरच्या जिवंत पेशीच एकाच्या अंगातून दुसऱ्याच्या अंगात राहायला जातात, हजारो वर्षांपासून. आणि तो बहुतेकदा बरा होतो, विनक्रिस्टिन या इंजेक्शनने, जे सदाफुलीतून येतं. आपल्या दारातल्या कुंडीतली सदाफुली. तेच विनक्रिस्टिन जवळच्या टाटामध्ये रक्ताच्या कॅन्सरच्या पोरांना देतात. माणसाचं आणि कुत्र्याचं औषध एकच असण्याचं नवल मला कोलोरॅडोत वाटलं नाही, ते परळच्या त्या रस्त्यावरच वाटून गेलं होतं.

आता त्या फटीविषयी.

बाकावर जी माणसं असतात त्यांची कुत्री जिवंत असतात. ज्याचा कुत्रा जातो तो पुढच्या खेपेला येत नाही. ग्रेहाउंडवाल्या शिक्षिका एका सोमवारनंतर दिसल्या नाहीत. कोणी काही विचारलं नाही, सगळ्यांना कळलं. म्हणजे तिथे ऐकू येते ती नेहमी जगलेल्यांची हकीकत. सहा महिने मिळाले, वर्ष मिळालं, डॉक्टर चकित झाले. ऐकणारा ते घरी घेऊन जातो आणि आपल्या कुत्र्याच्या नावावर लिहून टाकतो. त्या अळंबीचं असंच झालं. २०१२ मध्ये पेनसिल्व्हानिया विद्यापीठात प्लीहेचा कॅन्सर असलेल्या १५ कुत्र्यांना तिचा अर्क दिला, निकाल फार उत्साहाचा आला आणि मालकांच्या तोंडून तो जगभर गेला. त्याच विद्यापीठाने पुढे मोठी चाचणी केली तेव्हा तो फायदा टिकला नाही. ही दुसरी बातमी त्या बाकापर्यंत कधी आली नाही. ती सांगणार कोण? फायदा न झालेल्या कुत्र्यांचे मालक घरी बसून रिकाम्या पट्ट्याकडे बघत होते.

मला ज्या चाचणीचा सगळ्यात जास्त आदर वाटतो तिचं उत्तर 'नाही' असं आलं. रॅपामायसिन नावाचं औषध आहे. ईस्टर बेटाच्या मातीतल्या जिवाणूपासून ते मिळालं आणि सुरेन सेहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने कंपनीने काम थांबवल्यावरही ते जंतू स्वतःच्या घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवले, म्हणून जगाला मिळालं. हाडाच्या कॅन्सरवर त्याच्याकडून मोठी आशा होती. पाय काढलेल्या, केमो घेतलेल्या ३२४ कुत्र्यांमध्ये चिठ्ठ्या टाकाव्यात तसं वाटून अर्ध्यांना ते दिलं, अर्ध्यांना दिलं नाही. २०२१ मध्ये निकाल छापला गेला: दोन्ही गटांत फरक नाही. मला ते ३२४ आकडे दिसत नाहीत, ३२४ घरं दिसतात. प्रत्येक घरात कोणीतरी वहीत शीचा अंक लिहिला, कोणीतरी गोळी तुपाची जागा घेणाऱ्या कशात तरी लपवली, कोणीतरी एक्स-रेच्या आदल्या रात्री जागलं. त्यांच्यामुळे एक वाट बंद आहे हे पक्कं झालं आणि पुढच्या कुत्र्यांचे, पुढच्या मुलांचे तिथे जाणारे महिने वाचले. जगलेल्यांच्या सगळ्या हकीकती एका पारड्यात टाकल्या तरी हे पारडं हलकं ठरणार नाही.

टोसेरानिब-लोसार्टानच्या हिशेबात बंड्या दुसऱ्या अर्ध्यातला निघाला. पहिला एक्स-रे जैसे थे आला तेव्हा मी बाकावर सगळ्यांना सांगितलं आणि मूसच्या मालकांनी मला टाळी दिली. पुढच्या एक्स-रेत ठिपक्यांच्या गाठी झाल्या होत्या. मधल्या काळात शीमध्ये रक्त दिसलं, टोसेरानिब थांबवलं, कमी करून परत दिलं. गाठी ठरल्या मर्यादेपलीकडे वाढल्या की औषध बंद करतात, तसं केलं. डॉक्टर माझ्या शेजारी जमिनीवर बसल्या होत्या, बंड्याचं डोकं त्यांच्या मांडीवर. त्यांनी गोड करून काही सांगितलं नाही, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

त्यानंतरचे आठवडे त्याने अंगणात काढले. एका सकाळी काकडीच्या चकतीकडे त्याने नुसतं बघितलं आणि मान फिरवली. दुपारपर्यंत श्वासाला कष्ट पडायला लागले. संध्याकाळी डॉक्टर घरी आल्या आणि त्याला झोपवलं. शवविच्छेदनाला परवानगी देता का, असं त्यांनी फार हळुवारपणे आधीच विचारून ठेवलं होतं. मी हो म्हटलं होतं. नवऱ्याला ते जड गेलं आणि आईला त्याहून जड गेलं, पण फुप्फुसात त्या औषधाने काय केलं आणि काय केलं नाही हे ज्यांना कळायला हवं होतं त्यांना ते बंड्याच सांगू शकत होता. आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मग जाऊ दे त्याला. शिकवून येईल."

मीही बाकावरून नाहीशी झाले. तिकडे जायचं कारणच उरलं नाही आणि फोन करून कोणाची आशा मोडायची हिंमत नव्हती. तेव्हा मूसच्या मालकांचा फोन आला. मूसही गेला होता. थोडं बोलणाऱ्या त्या गृहस्थांनी मला सगळं सांगितलं, पहिल्या दिवसापासून. औषधाने त्याला काय त्रास झाला, कोणत्या आठवड्यात त्यांना आतून कळलं होतं, शेवटच्या दोन रात्री गोठ्यात त्याच्याजवळ कसे झोपले. मग म्हणाले, आता तुम्ही सांगा. मी सांगितलं. बंड्याविषयी इतकं सलग मी तोवर कोणाशीच बोलले नव्हते. त्या फोनने मला जे दिलं ते बाकावरच्या एकाही चांगल्या बातमीने दिलं नव्हतं. माझ्या कुत्र्याचं न जगणंही सांगण्याजोगं आहे, असं कोणीतरी मानलं होतं.

म्हणून गेल्या महिन्यात पुण्याहून एका मुलीचा फोन आला, मावसबहिणीकडून नंबर घेऊन, तेव्हा मी तिला काही वगळलं नाही. तिच्या लॅब्रॅडॉरला हाच आजार निघाला आहे. "ताई, तुमच्या बंड्याला त्या नवीन औषधाने किती दिवस मिळाले?" मी म्हटलं, आम्हाला दिसलं त्यावरून एकही नाही. ती गप्प झाली. मग मी तिला सांगितलं की २८ कुत्र्यांतल्या अर्ध्यांना मिळाले, हेही तितकंच खरं आहे. पाय काढल्यावर बंड्या किती मजेत होता ते सांगितलं, रक्ताची शी सांगितली, काकडीची सकाळ सांगितली, आणि माझं बोलणं बाजूला ठेवून तुझ्या डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून घे म्हटलं. पसरलंय का हे कशाने तपासलं? दुखणं आज किती आहे? काही न केलं तर काय होईल? तिने लिहून घेतले.

"खातोय का?" मी विचारलं.

"खातोय. पण रात्री रडतो."

मग पायाच्या निर्णयाला फार दिवस लावू नकोस, म्हटलं. ती विचारायला लागली की तीन पायांवर त्यांच्या गुळगुळीत फरशीवर तो उभा कसा राहील, घरात म्हातारे आजोबा आहेत, जिना आहे. मी तिला रबरी चटयांचं सांगितलं, पोटाखालून धरायच्या पट्ट्याचं सांगितलं, नखं आणि पंज्यातले केस कापून ठेवायचं सांगितलं. "थांबा ताई, आईला देते, तिलाही सांगा," असं म्हणून तिने फोन दिला, आणि मी पहिल्यापासून परत सांगायला सुरुवात केली.